लेकीच्या घरी अख्खं खानदान

माझं जुन्या जालन्यात मॅचिंग सेंटर आहे. बायका साडी घेऊन येतात, मी तिला जुळेल असं ब्लाउजपीस, अस्तर, फॉल काढून देते. एका बाजूला शेठजींचं कापडाचं ठोक दुकान, दुसऱ्या बाजूला धान्याचं, मधल्या फटीत मी. दुकान एवढं अरुंद, की गिऱ्हाईक आत आलं की मला बाहेर पडता येत नाही, आणि ते हललं नाही तर पाणी प्यायलासुद्धा उठता येत नाही. इतकी वर्षं रंग जुळवून माझा असा समज झाला होता, की माणसंही अशीच जुळवता येतात. जरा उजेडात न्यायची, शेजारी शेजारी धरायची, झालं. हा समज गेल्या वर्षभरात माझ्या हातातल्या फोननं घालवला.

आमच्या घराण्याचा एक ग्रुप आहे. त्या हिरव्या ॲपवर, ज्याचं नाव घ्यायची गरज नाही, कारण तुमच्याही घराण्याचा तिथंच असणार. ग्रुपचे ॲडमिन म्हणजे माझे थोरले दीर. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि त्यानंतर त्यांनी सगळं लक्ष आमच्यावर वळवलं. सगळे त्यांना दादा म्हणतात, म्हणून मीही दादाच म्हणते. मुलं मात्र मोठे बाबा म्हणतात. सकाळी गुलाबाची फुलं, दुपारी कुणाच्या तरी बागेतली मोसंबी, संध्याकाळी रक्तदाबावर कारल्याचा रस. कुणाचं काय चाललंय, कोण आजारी, कुणाचं बारसं, सगळं तिथंच. दादांचं एक वाक्य ठरलेलं, "ग्रुपवर टाकलंय." एकदा हे म्हटलं, की जगाला सांगून झालं.

माझी लेक पुण्यात नोकरी करते, कॉम्प्युटरमधली. दीड-दोन वर्षांपूर्वी दादांनी मनावर घेतलं, की हिचं लग्न जमवायचं. मला विचारलं नाही, तिला तर नाहीच. ग्रुपवर पडलेला तिचा एक फोटो उचलला, चुलत बहिणीच्या लग्नातला, नटलेला. खाली स्वतःच्या मनानं बायोडाटा लिहिला. उंची दोन इंच वाढवली. 'स्वयंपाकाची आवड' असं घातलं, आणि माझ्या पोरीला कुकरच्या शिट्ट्या मोजायचासुद्धा कंटाळा. वर संपर्कासाठी नंबर दिला तो तिचाच! मी विचारलं, दादा, तिच्या पप्पांचा का न्हाई दिला? तर म्हणाले, "माझा भाऊ फोन उचलत न्हाई हे साऱ्या जिल्ह्याला माहीत हाय. पोरगी लगेच उचलती."

हे मात्र खरं होतं.

तो बायोडाटा एका वधू-वर ग्रुपवर गेला, तिथून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून कुठं कुठं. पोरीला ऑफिसात फोन यायला लागले. कुणी पगार विचारी. कुणी जिममधला स्वतःचा फोटो पाठवी. एका मुलाच्या आईनं तर थेट व्हिडिओ कॉल लावला आणि म्हणाली, "जरा किचन दाखव ना बेटा." लेकीनं मोठ्या बाबांना फोन करून सांगितलं, हे काढून टाका. ते म्हणाले, "मी टाकलं तिथून काढलं. आता पुढचं माझ्या हातात राह्यलं का?" तेही खरंच होतं. आमच्या घरात माणसं चूक करतात तेव्हा नेमकी खरं बोलतात, हा आमचा मोठाच प्रॉब्लेम आहे.

मग तिनं ग्रुप सोडला, नंबर बदलला आणि ते हिरवं ॲपच फोनमधून काढलं. ग्रुपवर एक बारीक ओळ उमटली, की ही बाहेर पडली.  त्या ओळीखाली आमच्या एका मामेसासऱ्यांनी गुलाब टाकला आणि गाडी पुढं निघाली.

तेव्हापासून मी मधली बाई झाले. ग्रुपवरचं तिला फोनवर वाचून दाखवायचं, तिचं ग्रुपवर सांगायचं. कुणाचा पाय मोडला, कुणाला मुलगा झाला, कोण पास झालं. दुकानात गिऱ्हाईक असलं की राहून जायचं, आणि मग "आई, मला हे आधी का नाही सांगितलंस?" मला फार काही नको होतं. पोरगी घराण्यात राहावी, आणि त्यासाठी तिला परत त्या ग्रुपात जाऊन बसावं लागू नये, एवढंच. ऐकायला किती साधं वाटतं!

एके दिवशी लेकच म्हणाली, "आई, मग सगळ्यांनाच माझ्याकडे आण ना."

तिच्याकडं म्हणजे, ती ज्या दुसऱ्या ठिकाणी गप्पा मारायची तिथं. मला ते समजायला चार फोन लागले. ती म्हणे, हिरव्याचा मालक एक आहे, सगळे त्याच्या एका इमारतीत भाड्यानं राहतात. ह्याचा मालकच नाही. "म्हणजे बघ, बदनापूर वेगळं, भोकरदन वेगळं, जालना वेगळं. प्रत्येक गावाची ग्रामपंचायत वेगळी, नियम वेगळे. पण रस्ते जोडलेले आहेत. बदनापूरचा माणूस भोकरदनच्या माणसाशी बोलू शकतो. आपण आपलं छोटं गाव करायचं, आपल्या घराण्याचं. फोटो आपल्याच गावात राहणार. बाहेर कुणी न्यायचं नाही, हा आपला नियम."

"अन् मंग बदनापूरहून भोकरदनला गाडी किती वाजता?"

"आई!"

"अगं, विचारून राह्यले. आपल्याकडं रस्ता असतो, गाडी नसती."

ती हसली. खूप दिवसांनी हसली, म्हणून मी ठरवून टाकलं, की हे करायचंच. खरं सांगायचं तर मला गावं-रस्ते यातलं निम्मंच कळलं होतं. पण एखाद्या बाईला साडी पटवायला तिचा धागा कुठल्या कारखान्यात निघाला हे माहीत असावं लागतं थोडंच.

एका रविवारी दादांच्या घरी सगळे जेवायला जमले होते. जेवणं झाल्यावर मी सतरंजीवर सगळ्यांचे फोन ओळीनं मांडले, पापड वाळत घालावेत तसे, आणि लेकीला फोन लावून स्पीकरवर ठेवला. आमचे हे, म्हणजे माझे यजमान, परिस्थितीचा अंदाज घेऊन लगेच झोपले.

पहिली अडचण ईमेलची. ते नवीन ॲप ईमेल मागत होतं. माझी थोरली जाऊ, जिला मी अक्का म्हणते, ती म्हणाली, "माझा ईमेल मोबाईलच्या दुकानात हाय."

लेक फोनवरून म्हणाली, "मोठी आई, ईमेल दुकानात कसा असेल?"

"अगं, फोन घेतला तेव्हा त्यानंच काढला, त्यालाच माहीत. मला कशाला पाहिजे?"

चौकशी केली तर निम्म्या घराण्याचे ईमेल त्याच दुकानात निघाले. तो दुकानदार मनात आणता तर आम्हा सगळ्यांच्या नावानं पत्रव्यवहार करू शकला असता. बरं तर बरं, त्याला आमच्यात काही रस नव्हता.

कुणाच्या फोनमध्ये जागा नव्हती. ती करायला गुलाब पुसावे लागणार होते, आणि गुलाब पुसायला जीव होत नव्हता. भोकरदनचे माझ्या नणंदेचे यजमान मात्र उत्साही गडी. ते म्हणाले, मला सांगू नका, मी करतो. ॲपनं त्यांना विचारलं, कोणत्या गावात राहणार, आणि यादी दाखवली. लेकीच्या गावाचं नाव टाकायचं होतं. यांनी यादीतलं पहिलंच दाबलं. एका मिनिटात ते कुठल्या तरी परदेशी गावात जाऊन उतरले. तिथं सगळे लोक जंगलातल्या अळंबीचे फोटो टाकत होते आणि खाली आम्हाला न समजणाऱ्या भाषेत लिहीत होते.

"हे काय लिहून राह्यलेत?" नणंदेनं विचारलं.

"काय की. पण अळंबी भारी हाय," ते म्हणाले, आणि एका अळंबीला त्यांनी पसंती देऊन टाकली.

त्यांना परत आणायचं तर पुन्हा सगळं पहिल्यापासून. लेक म्हणाली, राहू द्या, तिथूनही आपल्याशी बोलता येतं, फक्त त्यांना शोधताना नावापुढे गावाचंही नाव लिहायचं. अक्का म्हणाली, "आपल्याच जावयाला हाक मारायची तर पत्ता लिहायचा?"

दादा इतका वेळ पलंगावर बसून सगळं बघत होते. फोन त्यांनी माझ्या हातात दिलाच नव्हता. आता त्यांनी घसा साफ केला.

"पोरी, एक सांग. ते हिरवं जे हाय, त्याचं सगळं कुठंतरी मोठ्या मशिनीत असतं म्हणतात. तुझ्या ह्याचं कुठं हाय?"

"माझ्याकडेच आहे, मोठे बाबा. माझ्या खोलीत. टेबलाखाली एक छोटा डबा ठेवलाय, त्याच्यातच सगळं."

बिचारी अभिमानानं म्हणाली. मला आठवतं, मी त्या क्षणी अक्काकडं पाहिलं आणि अक्कानं पदर नीट केला. म्हणजे काहीतरी येणार हे तिला माझ्या आधी कळलं.

"म्हणजे आम्ही सगळ्यांनी तुझ्या घरी येऊन राहायचं?"

"राहायचं नाही हो, फक्त..."

"फोटो तुझ्या घरी. बोलणं तुझ्या घरी. मंग राहणं आणखी काय असतं?" मग माझ्याकडं वळून, "आपल्यात लेकीच्या घरचं पाणी पीत न्हाईत, अन् तू अख्खं खानदान तिथं मुक्कामाला नेऊन राह्यली?"

अक्का मधे पडली. "लग्न झालेल्या लेकीचं घर ते लेकीचं घर. हिचं कुठं झालंय? मंग ते आपलंच घर."

"झालं न्हाई म्हणून तर!" दादा म्हणाले.

यावर काही मिनिटं चांगलीच चर्चा झाली. बिनलग्नाच्या लेकीच्या भाड्याच्या खोलीतल्या टेबलाखालचा डबा हे लेकीचं घर धरावं की न धरावं. भोकरदनकर म्हणाले, भाड्याचं असेल तर दोष घरमालकाला. मी हसत होते, आणि आतून मला कळत होतं, की हे हसण्याचं नाही.

कारण दादांनी खरा प्रश्न शेवटी विचारला. आवाज एकदम साधा करून. "बेटा, समज तुला माझं काही आवडलं न्हाई. तर तू मला तिथून काढू शकती का?"

 तिनं खोटं बोलायला हवं होतं. बाकी सगळी पोरं बोलतात. माझीच मेली सरळ.

"हो. शकते. पण मी काढणार नाही, मोठे बाबा."

"हं."

"अहो पण हिरव्याचा मालकही तुम्हाला काढू शकतो ना! तो तर तुम्हाला ओळखतही नाही."

"म्हणूनच," दादा म्हणाले. "त्यानं काढलं तर कुणी म्हणणार न्हाई की पुतणीनं काढलं."

असं म्हणून त्यांनी पलंगावर अंग टाकलं, आणि सतरंजीवरचे फोन एकेकानं उचलून खिशात घातले. लेक पलीकडून "हॅलो? हॅलो?" करत होती. मी स्पीकर बंद केला.

नंतर मी पुष्कळ विचार केला. लेक मला नेहमी सांगायची, लोक नवीन ठिकाणी येत नाहीत कारण ते अवघड असतं, पासवर्ड असतो, गाव निवडावं लागतं. असेलही. पण आमच्यात ते कारण नव्हतं. अवघड गोष्टी आम्ही करतो, अक्का हातानं शेवया काढते. आम्हाला परक्याच्या घरात कोंडून घेणं चालतं, तिथं निदान सगळे सारखेच कोंडलेले असतात. आपल्याच माणसाच्या घरी मात्र आधी मान कुणाला किती हे बघावं लागतं.

तरी काही जणी आल्या. मी आले. अक्का दादांना न सांगता आली. आणि पुतणी आली, दादा-अक्काची लेक, जिच्या लग्नातला तो फोटो होता. ती माझ्या पोरीपेक्षा थोडी मोठी. दोघी लहानपणी एका ताटात जेवलेल्या. भोकरदनकर त्यांच्या अळंबीच्या गावातून अधूनमधून हात हलवायचे. पोरीनं आमचं इतकं सुरेख स्वागत केलं, प्रत्येकीला वेगळं लिहून.

पहिल्या आठवड्यात अक्कानं गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांचा फोटो टाकला. लेकीनं खाली किती छान लिहिलं. अक्का दोन दिवस वाट बघत राहिली आणि मग दुकानात येऊन मला म्हणाली, "काय गं, बाकी कुणी काहीच बोलंना."

"बाकी कोण हाय तिथं, अक्का?"

"तेच तर. म्हणजे आपण लोकांच्या घरी गेलो अन् घरात यजमानीणच एकटी बसलेली. तिला किती वेळ तोंड द्यायचं?"

हिरव्यावर न बोलताही दिवस जातो. दुसरे बोलत राहतात, आपण अंगठा वर करत राहायचं. इथं आपण बोललो नाही तर कुणीच बोलत नाही. इथं उघडलं की कालचंच पान दिसायचं, आणि कालच्या पानावर मी. एकदा पुण्यात तिच्या इमारतीची लाईट गेली, तर आमचं गाव दिवसभर बंद. मला ते संध्याकाळी कळलं. बाकी कुणाला कळलंच नाही.

आणि मी स्वतः तरी कुठं हिरवं सोडलं होतं? एकदा सोडून पाहिलं. एका सोमवारी सकाळी चिडून फोनमधून काढून टाकलं. अकराच्या आत शेठजींचा माणूस दुकानात उभा. "बाई, नव्या रंगांचं शेड कार्ड पाठवलंय, बघितलं न्हाई? दुपारी माल दुसऱ्याकडं जातोय." पाठोपाठ एक बाई भांडायला, तिनं साडीचा फोटो पाठवून दोन तास झाले, आणि बस लागायची होती तिची. आमची सगळी गिऱ्हाइकं तिथंच फोटो पाठवतात, मी तिथंच रंग काढून दाखवते. जेवायच्या आधी मी ते ॲप परत घातलं. दार उघडंच होतं, कुणी विचारलंही नाही कुठं गेली होतीस. म्हणून तर बाहेर पडल्यासारखं वाटतच नाही तिथून.

मग पुतणीला दिवस गेले. सातवा लागला, डोहाळजेवण ठरलं. दादांनी ग्रुपवर सुंदर निमंत्रण टाकलं, पाळणा, मोर, सगळं असलेलं. रविवारी, घरीच. खाली अभिनंदनाची रांग लागली. मीही टाकलं. त्या आठवड्यात दुकानात लग्नसराईची गर्दी, मला मान वर करायला वेळ नव्हता. शनिवारी दुपारी जरा उसंत मिळाली तेव्हा लेकीला फोन केला.

"कोणत्या गाडीनं येतीस?"

"कुठे?"

मी हातातलं अस्तर खाली ठेवलं. "अगं, डोहाळजेवणाला."

"कुणाच्या?"

तिला माहीतच नव्हतं. मला वाटलं होतं पुतणीनं सांगितलं असणार. पुतणीला वाटलं होतं मी सांगितलं असणार. अक्काला वाटलं, आम्ही तिघी त्या नव्या ठिकाणी आहोतच की, तिथं कुणीतरी सांगितलंच असणार. आणि सगळ्यांना मुळातच वाटत होतं, की ग्रुपवर टाकलंय. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. कुणी तिला वगळलंही नव्हतं. ती नुसती आमच्या नजरेच्या जागेवर नव्हती.

 मग ती म्हणाली, "मोठ्या बाबांना सांग, एक फोन करा. एकच. 'ये गं' म्हणू दे. मी आत्ता निघते."

मी दुकान अर्धं ओढून ऑटो केली आणि दादांकडं गेले. ते मंडपवाल्याशी बोलत होते. मी सांगितलं. ते म्हणाले, "सगळ्यांना एकच आमंत्रण केलं. हिच्यासाठी वेगळं करू, तर उद्या भोकरदनवाले म्हणतील आम्हाला का फोन केला न्हाई. ती ग्रुपात असती तर तिला मिळालं असतं. मी काढलं का तिला? स्वतः गेल्ती."

"दादा, एक फोन हाय फक्त."

"मंग तूच कर."

"मी केलाय. तिला तुमचा पाहिजे."

"अन् मला कुणी केला, ती गेली तेव्हा?"

हे त्यांच्या मनात इतके दिवस होतं, हे मला तेव्हा कळलं. मी परत आले. ऑटोवाल्याला थांबवून ठेवलं होतं, म्हणून त्यानं भाडं वाढवून सांगितलं. मी न भांडता दिलं.

डोहाळजेवण झालं. पुतणी झोपाळ्यावर बसली, फुलांचे दागिने, हिरवी साडी, ब्लाउजपीस मीच जुळवलेलं. बायका ओटी भरत होत्या आणि ती प्रत्येक वेळी दाराकडं बघत होती. माझ्या पाळीला मी वाकले तर हळूच म्हणाली, "काकू, ती आली न्हाई ना." मी म्हटलं, कामात अडकली. हिरव्या ग्रुपवर दिवसभर फोटो पडत होते. पुण्यातल्या त्या टेबलाखालच्या डब्यात त्या दिवशी काहीही गेलं नाही. मी टाकणार होते. पण काय लिहून टाकायचं?

चार दिवसांनी लेकीचा फोन आला. आवाज शांत होता, ठरवून आणलेला.

"आई, नवीन नंबर घेतलाय. एक स्वस्तातला दुसरा फोन, फक्त ग्रुपसाठी. मोठ्या बाबांना सांग, मला ॲड करा."

"अगं पण तू..."

"तिला कळा सुरू होतील तेव्हा कोण कुणाला फोन करत बसणार? ग्रुपवरच टाकतील. दवाखान्यातूनच टाकतील. मला बाळ झाल्याचं चार दिवसांनी नाही कळायला पाहिजे." मग म्हणाली, "फोटो नाही लावणार मी. आणि माझे फोटो बाहेर जायचे नाहीत, एवढं सांग त्यांना."

मी म्हणू शकले असते, की नको येऊस, मी आहे ना सांगायला. म्हणजे शनिवारी सांगितलं तसं.

संध्याकाळी गेले. दादा ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. अक्का आत कुकर लावत होती.

"आली का शेवटी?" ते म्हणाले. चेहरा उजळला होता, ते लपवता येत नव्हतं. "मी म्हणलंच होतं. कुठं जातील पोरं?"

"दादा, तिचं एक म्हणणं हाय. तिचा फोटो ग्रुपाबाहेर जायला नको."

"मी काय वाईटासाठी केलं होतं का? बापाच्या जागी हाय मी."

"हाव. पण फोन तिला यायचे. तुम्हाला न्हाई."

मी त्यांच्याशी कधी असं बोलले नव्हते. थोरल्या दिराशी आमच्यात मान खाली घालूनच बोलतात. आतला चमचा वाजायचा थांबला, म्हणजे अक्का ऐकत होती.   

दादांनी खिशातून फोन काढला आणि माझ्यापुढं धरला.

"घे. तूच कर. मला कुठं येतं ते ॲड करायचं. मागं जावयानं करून दिल्तं."

इतकी वर्षं आम्ही ज्या ॲडमिनला घाबरत होतो, त्याला एक माणूस आत घ्यायला येत नव्हतं आणि एक बाहेर काढायलाही. मी त्यांच्या शेजारच्या पायरीवर बसले. लेकीचा नवा नंबर टाकला. फोटोच्या जागी करडं, बिनचेहऱ्याचं डोकं आलं. ग्रुप उघडला. बटणावर बोट ठेवून जरा थांबले. त्यांना वाटलं मला सापडत नाही, म्हणून चष्मा वर करून ते वाकले आणि म्हणाले, "ते हिरवं असंल बघ, खाली."

मी दाबलं.

ग्रुपवर ओळ उमटली, की दादांनी हिला जोडलं. एका मिनिटात फुलं पडायला लागली. 'दादा, मोठं मन!' 'थोरल्यांनी थोरपणा दाखवला.' भोकरदनकरांनी फटाके उडवले. कुणीतरी लिहिलं, 'बेटा, डीपी लाव ना, चेहरा दिसू दे.' दादा फोन परत घेऊन एकेक मोठ्यानं वाचत होते, आणि आतून अक्का म्हणाली, "काय म्हणतेत गं?"

माझाही फोन पदराच्या गाठीत थरथरत होता. लेकीनं काहीच लिहिलं नव्हतं. सगळ्यांचं टाकून झालं, फक्त माझं राहिलं होतं, आणि राहिलं तर कुणीतरी विचारलंच असतं. मी दोन हात जोडलेले टाकले, आणि खाली लिहिलं, 'धन्यवाद दादा.'